पकडलेलं जहाज, सीलबंद कागद: प्राइझ कोर्टाचा खटला कसा चालायचा आणि त्याची फाईल कशी वाचायची

युद्धात शत्रूचं जहाज पकडलं की ते पकडणाऱ्याचं झालं, असा समज सर्रास दिसतो. इंग्लंडच्या कायद्यात तसं नव्हतं. तोफा थंडावल्या की जहाज फक्त ताब्यात यायचं. मालकी मिळायला कोर्टाचा निकाल लागायचा. ते कोर्ट म्हणजे प्राइझ कोर्ट, आणि असं पकडलेलं जहाज किंवा माल म्हणजे प्राइझ.

हे मार्गदर्शन फ्रान्सबरोबरच्या १७९३ ते १८१५ या काळातल्या युद्धांबद्दल आणि लंडनच्या हाय कोर्ट ऑफ ॲडमिरल्टीबद्दल, म्हणजे सागरी बाबींच्या कोर्टाबद्दल, आहे. या काळातली कार्यपद्धती सर्वांत नीट नोंदलेली आहे. १६५२ ते १८१५ या दरम्यान पकडलेल्या सुमारे ३५,००० जहाजांचे कागद लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, आणि जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग विद्यापीठाच्या प्रकल्पातून त्यांची छायाचित्रं टप्प्याटप्प्याने खुली होत आहेत. कायद्याचा विद्यार्थी असो, इतिहासाचा अभ्यासक असो की ऐतिहासिक कादंबरी लिहिणारा, फाईल हातात आली की पहिली अडचण तीच: कुठला कागद कशासाठी, आणि कोणत्या क्रमाने वाचायचा?

किल्ली एकच आहे. जहाजाबद्दलची साक्ष जहाजानेच द्यायची. जहाज किंवा माल शत्रूचा नाही हे दावेदाराने, म्हणजे तो परत मागणाऱ्याने, सिद्ध करायचं, पण बाहेरचे साक्षीदार आणून नाही, तर त्या जहाजावर सापडलेल्या कागदांतून आणि त्याच जहाजावरच्या माणसांच्या तोंडून. पुढचा प्रत्येक नियम, प्रत्येक मुदत, प्रत्येक सील यातून निघतं. म्हणून प्राइझचा खटला बहुधा कोर्टात नाही, तर समुद्रावर पहिल्या काही तासांतच जिंकला किंवा हरला जायचा.

आधी दोन गल्लती दूर करू

मुंबई उच्च न्यायालयात जहाज ‘अरेस्ट’ झाल्याच्या बातम्या येतात. इंधनाचं बिल थकलं, खलाशांचा पगार राहिला, टक्कर झाली, की २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याखाली जहाज अडकवतात. तो दिवाणी मामला. त्याचा प्राइझशी संबंध नाही. प्राइझसाठी युद्ध हवं आणि पकडणाऱ्याकडे सरकारी अधिकारपत्र हवं. भारताने त्यासाठी १९७१ मध्ये नौदल व विमान प्राइझ कायदा वेगळा केलेला आहे.

दुसरी गल्लत जमिनीवरच्या लुटीची. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर रायगडचा कारभार पाहिलेले नारोबा गोविंद औटी यांची मालमत्ता पुण्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतली. त्यांच्या वारसांच्या बाजूने मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दावा झाला आणि तिथे तो जिंकलाही. पण १८३० मध्ये ‘एल्फिन्स्टन विरुद्ध बद्रीचंद’ या अपिलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे वसाहतींच्या सर्वोच्च अपील मंडळाने, निकाल फिरवला. ही युद्धातली जप्ती आहे, साध्या दिवाणी कोर्टाला यात हात घालता येत नाही, दाद मागायची तर सरकारकडे, असं त्यांनी ठरवलं. समुद्रावर माल गमावलेल्या डॅनिश किंवा अमेरिकी व्यापाऱ्याला निदान ठरलेलं कोर्ट, ठरलेले प्रश्न आणि ठरलेल्या मुदती होत्या. पुण्यातल्या त्या घराला तेवढंही मिळालं नाही. हा फरक मनात ठेवून पुढे वाचावं.

पहिले काही तास: पकडणाऱ्याने काय करायचं

जहाज थांबवताना जागा नोंदवायची: अक्षांश, रेखांश, जवळच्या किनाऱ्यापासूनचं अंतर, वेळ. हे लॉगबुकात त्याच वेळी गेलं पाहिजे. तटस्थ देशाच्या किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत केलेली पकड टिकत नसे. १८०५ च्या ‘ॲना’ खटल्यात मिसिसिपी नदीच्या मुखाशी जहाज पकडलं होतं. मुख्य भूमीपासून अंतर पुरेसं होतं, पण मुखासमोर गाळाची बेटं होती. कोर्टाने अंतर त्या बेटांपासून मोजलं, आणि जहाज तर परत गेलंच, वर खर्च आणि नुकसानभरपाईही पकडणाऱ्यावर बसली. ‘द ट्वी गेब्रोडर्स’ (१८००) मध्ये पकड बाहेर झाली होती, पण होड्या सोडणारं जहाज तटस्थ पाण्यात नांगरून होतं. तेवढ्यावर पकड रद्द झाली.

पाठलाग करताना खोटा झेंडा चालायचा. गोळी मात्र खऱ्या झेंड्याखालीच झाडायची.

मग कागद. कप्तानाच्या देखत सगळे कागद एकत्र करायचे, निवडानिवड न करता थैलीत घालायचे, थैली बांधून सील करायची. ‘हे बिनकामाचं पत्र’ म्हणून एकही चिठ्ठी परत द्यायची नाही. कप्तानाचं खासगी पत्र, बायकोचं पत्र, नाविकाच्या पेटीतली हिशेबाची वही, सगळं त्यात जायचं. क्यूच्या पेट्यांतून आज न पोचलेली हजारो खासगी पत्रं निघतात ती यामुळेच. पाठलागाच्या वेळी कोणी काही पाण्यात टाकताना दिसलं, तर कोणी, केव्हा, कुठल्या बाजूने, हे लगेच लिहून ठेवायचं.

हॅच, म्हणजे मालाच्या कोठीची दारं, बंद करून सील करायचे. कोर्टाच्या हुकमाशिवाय माल हलवायला, उघडायला, विकायला बंदी होती. खलाशांनी दारूचं एक पिंप फोडलं तरी दावेदाराच्या वकिलाला तेवढं पुरायचं, कारण मग तो विचारणार: पिंप फुटलं, तर कागद तरी जसेच्या तसे राहिले कशावरून?

माणसं हा सर्वांत नाजूक भाग. पकडलेल्या जहाजाचा कप्तान, मेट (कप्तानाच्या खालचा अधिकारी), सुपरकार्गो (मालाचा व्यवहार पाहणारा) यांना त्याच जहाजावर ठेवून बंदरात आणायचं, कारण तेच साक्षीदार. सगळ्यांना उतरवून दुसऱ्या जहाजावर पाठवलं की साक्ष द्यायलाच कोणी उरत नाही, आणि त्याचा दोष पकडणाऱ्यावर येतो. तटस्थ जहाजाच्या खलाशांना विनाकारण बेड्या घातल्या तर भरपाई वेगळी.

शेवटी बंदर. ते सुरक्षित हवं, सोयीचं हवं आणि जवळपास ॲडमिरल्टीचं कोर्ट हवं. चांगला भाव मिळेल म्हणून लांबच्या बंदरात नेलं तर वाटेतल्या नुकसानीला पकडणारा जबाबदार. जहाज आणणं शक्यच नसेल तर? शत्रूचं असेल तर जाळता येई. तटस्थाचं असेल तर सोडून द्यायचं. १८१९ च्या ‘फेलिसिटी’ खटल्यात न्यायाधीश सर विल्यम स्कॉट यांनी हे अगदी स्पष्ट केलं: तटस्थाचं जहाज नष्ट केलं तर पकडणाऱ्याची अडचण कितीही खरी असो, मालकाला पूर्ण भरपाई द्यावीच लागेल.

खासगी जहाजांना, म्हणजे प्रायव्हेटिअरना, याआधीची एक पायरी होती. ‘लेटर ऑफ मार्क’, म्हणजे शत्रूची जहाजं पकडायचं सरकारी अधिकारपत्र, घेताना जामीन भरावा लागे: १५० हून जास्त माणसं असलेल्या जहाजाला ३,००० पौंड, त्याहून लहान असेल तर १,५००. हा कागद नसताना केलेली पकड पकडणाऱ्याची होतच नसे. ती ‘ड्रॉइट’ म्हणून सरकारजमा व्हायची. फाईलमध्ये हे अधिकारपत्र किंवा त्याचा उल्लेख आधी शोधावा.

कागदांची थैली उघडताना

तटस्थ व्यापारी जहाजावर साधारण इतके कागद अपेक्षित असत: स्वतःच्या सरकारचा पासपोर्ट किंवा सी-लेटर, जहाजाच्या मालकीचा दाखला, खरेदीखत, खलाशांची यादी, चार्टर पार्टी (जहाज भाड्याने घेतल्याचा करार), बिलं ऑफ लेडिंग (माल चढवल्याच्या पावत्या), इन्व्हॉइस, लॉगबुक, आरोग्याचा दाखला आणि पत्रव्यवहार. आपल्याकडे आंग्र्यांचं दस्तक नसलं तर कोकण किनाऱ्यावरून गलबत निर्धास्त जात नसे. पासपोर्टचं वजन त्याच जातीचं होतं. पण प्राइझ कोर्टात पासपोर्टने फक्त सुरुवात व्हायची, शेवट नाही. पापेनबुर्ग, एम्डेन अशा छोट्या तटस्थ बंदरांच्या नावाचे कागद विकत मिळायचे आणि कोर्टाला ते ठाऊक होतं.

म्हणून कागद एकमेकांशी ताडून बघायचे. आम्ही सुचवू तो क्रम असा. आधी बिल ऑफ लेडिंग: माल ‘कोणाच्या खात्यावर आणि जोखमीवर’ पाठवला आहे? तिथे मालकाचं नाव नसून नुसतं ‘हुकमाप्रमाणे द्यावा’ असेल, तर शंका सुरू होते. मग इन्व्हॉइस: तेच नाव, तेवढेच नग, तेच वजन आहे का? मग चार्टर पार्टी: जहाज भाड्याने कोणी घेतलं आणि कुठवर? मग लॉगबुक: जहाज कागदावरच्या मार्गाने गेलं का, की हॅम्बुर्गला निघालेलं जहाज बोर्दोच्या वाटेला लागलं? पत्रं सगळ्यात शेवटी वाचावीत, पण वाचावीत हे नक्की. बिल ऑफ लेडिंग लिहिणारा सावध असतो. भावाला पत्र लिहिणारा व्यापारी मात्र खरा भागीदार कोण, हे सहज लिहून जातो.

थैलीवरचं प्रतिज्ञापत्र हा फाईलमधला सर्वांत दुर्लक्षित कागद. पकडीच्या वेळी हजर असलेला कोणीतरी, बहुधा प्राइझ मास्टर (पकडलेलं जहाज बंदरात आणणारा अधिकारी), शपथेवर सांगतो की क्रमांक १ ते अमुक एवढे कागद जहाजावर सापडले आणि जसे मिळाले तसेच आणले आहेत. त्यात लबाडी नाही, भर नाही, वजावट नाही, अफरातफर नाही. प्रत्येक कागदावर मग क्रमांक पडायचा. फाईल वाचताना पहिलं काम म्हणजे हे क्रमांक मोजणं. प्रतिज्ञापत्रात ४१ कागद आणि पेटीत ३८ असतील, तर हरवलेले तीन कुठल्या जातीचे होते ते जबान्यांवरून काढता येतं. कधी ते पुढे अपिलाच्या फाईलमध्ये गेलेले असतात.

ठरीव प्रश्नावली

साक्षीदाराला वकील प्रश्न विचारत नसे. प्रश्न आधीच छापलेले असत, सगळ्या जहाजांना तेच. कप्तान, मेट आणि आणखी एकदोघे यांना कोर्टाने नेमलेल्या कमिशनरसमोर एकेकटं बोलावायचं. दोन्ही पक्षांचे वकील खोलीबाहेर. भाषा येत नसेल तर शपथ घेतलेला दुभाषा. जबानी लिहून झाली की वाचून दाखवायची आणि सही किंवा खूण घ्यायची. आतल्या माणसाने बाहेर थांबलेल्याशी बोलायचं नाही.

पहिलाच प्रश्न बघा. तुमचा जन्म कुठे झाला? गेली सात वर्षं कुठे राहिलात? आता कुठे राहता आणि किती काळ? कोणत्या राजाची किंवा राज्याची प्रजा? लग्न झालंय का, बायकामुलं कुठे राहतात? जहाजाचा विषय अजून निघालेलाही नाही. पण माणूस तटस्थ आहे की शत्रू, हे जन्मावरून नव्हे तर राहण्याच्या जागेवरून आणि व्यापारावरून ठरायचं, म्हणून बायकामुलांचा पत्ता महत्त्वाचा. डॅनिश नागरिकत्वाचा दाखला मिरवणारा कप्तान आपलं बिऱ्हाड अ‍ॅम्स्टरडॅमला आहे असं सांगून बसला, की दाखल्याचं वजन निम्मं झालं.

पुढचे प्रश्न असे: पकड कुठे आणि कशी झाली, कोणता झेंडा होता, प्रतिकार झाला का? जहाजाचं नाव काय, आधी दुसरं नाव होतं का? मालक कोण, कोणी सांगितलं, किमतीचा काही भाग देणं बाकी आहे का? माल कोणाचा, कुठे भरला, कुठे उतरवणार होते? आणि मग तो प्रश्न: काही कागद फाडले, जाळले, पाण्यात टाकले, लपवले का?

जबान्या वाचताना आडव्या वाचा, उभ्या नाही. म्हणजे एका साक्षीदाराची पूर्ण जबानी संपवण्याऐवजी तिघांचं पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेजारी ठेवा, मग दुसऱ्याचं. तिघे वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगत असतील तर ते बहुधा खरं. तिघांचे शब्दही तेच असतील तर घोकंपट्टी झाली असावी. आणि जिथे मेट ‘मला माहीत नाही’ म्हणतो, तिथे त्याला खरंच ते माहीत असण्याची शक्यता होती का, हे आधी पाहा. मेटला मालाचे मालक ठाऊक नसणं नेहमीचं. पण पाठलागाच्या वेळी डेकवर असलेल्याला जड पिशवी पाण्यात पडलेली दिसली नाही, हे पटणं कठीण.

कागद नष्ट केल्याचं उघड झालं तर? फ्रान्सच्या नियमांत जहाज आणि माल दोन्ही तिथेच गेले. इंग्लंडच्या कोर्टात ते दावेदाराच्या विरुद्ध मोठं गृहीतक व्हायचं, पण खुलासा करायची वाट उरायची.

मुदती

१७०८ च्या कायद्यापासून मुदती ठरून गेल्या होत्या. मागणी झाल्यावर पाच दिवसांत प्राथमिक जबान्या पुऱ्या करायच्या. त्यानंतर तीन दिवसांत मोनिशन काढायची, म्हणजे ‘या जहाजावर किंवा मालावर कोणाचा हक्क असेल त्याने यावं’ असा जाहीर हुकूम. लंडनमध्ये ती रॉयल एक्स्चेंजच्या खांबावर लावत, कारण व्यापारी तिथेच जमत. लावल्यापासून वीस दिवसांत दावा आला नाही, तर कोर्ट कागद आणि जबान्या पाहून निकाल द्यायला मोकळं. ही घाई मुद्दाम होती. वेळ गेला की साक्षी शिकवल्या जातात, कागद तयार होतात आणि गोदामात साखर पाझरते. नाशवंत माल असेल तर कोर्टाकडून विक्रीचा हुकूम आधीच घेता येई. पैसे निकाल लागेपर्यंत कोर्टात राहत.

तुमच्या फाईलमध्ये या तीन तारखांत मोठी फट दिसली, तर तिथे थांबा. बहुतेकदा कारण बंदरातून लंडनला कागद पोचायला लागलेला वेळ असतं, पण कधी दावेदाराशी तडजोडीची बोलणी चाललेली असतात.

दावेदाराने काय करायचं

१० सप्टेंबर १७९४ रोजी विल्यम स्कॉट आणि जॉन निकोल यांनी अमेरिकेचे दूत जॉन जे यांना एक लांब पत्र लिहिलं. अमेरिकी व्यापाऱ्यांनी आपली जहाजं सोडवायला काय करावं, ते त्यात पायरीपायरीने आहे. त्या काळचं हेच खरं हस्तपुस्तक.

दावा प्रॉक्टरमार्फत, म्हणजे या कोर्टाच्या वकिलामार्फत, घालायचा. सोबत प्रतिज्ञापत्र: मालक इंग्लंडमध्ये असेल तर त्याचं, नसेल तर कप्तानाचं किंवा व्यापारी प्रतिनिधीचं. त्यात सांगायचं की माल भरताना, पकडला जाताना आणि परत मिळाला तर तेव्हाही तो अमुक तटस्थाचाच होता, आहे आणि असेल, आणि कोणत्याही शत्रूचा त्यात प्रत्यक्ष वा आडून हिस्सा नाही. ‘माल भरताना’ हा तुकडा विसरला की अडचण, कारण शत्रूने माल वाटेतच कागदोपत्री तटस्थाला विकला, ही नेहमीची युक्ती होती. वाटेत असताना झालेली असली विक्री कोर्ट मानत नसे. सोबत खर्चापोटी ६० पौंडांचा जामीन. शत्रूच्या प्रजेला दावा घालायचा अधिकारच नव्हता, परवाना किंवा तहाचं जहाज असा अपवाद सोडून.

तटस्थ कोण, यावर कलकत्त्याशी जोडलेला एक खटला आहे, ‘इंडियन चीफ’, १८०१ चा. जहाजावरचा काही माल कलकत्त्यात राहून व्यापार करणाऱ्या अमेरिकी कॉन्सलचा होता. त्याच्या बाजूने म्हणणं असं की कलकत्ता ही मोगल बादशहाच्या सार्वभौमत्वाखालची जागा आहे, म्हणून तिथला रहिवासी ब्रिटिश नव्हे. स्कॉट यांनी ते मानलं नाही. मोगलांचं सार्वभौमत्व या कामापुरतं छायारूप आहे, आणि कंपनीच्या छत्राखाली व्यापार करणारा ब्रिटिशच धरला जाईल, असं त्यांचं म्हणणं. शत्रूशी व्यापार करणारा ब्रिटिश म्हणून त्याचा दावा बुडाला. अमेरिकी कॉन्सल असणंही उपयोगी पडलं नाही.

सुनावणी आणि निकालाचे प्रकार

कोर्ट डॉक्टर्स कॉमन्समध्ये, म्हणजे या कायद्याच्या वकिलांच्या संस्थेत, सेंट पॉलच्या जवळ भरायचं. न्यायाधीश १७९८ पर्यंत सर जेम्स मॅरियट, त्यानंतर स्कॉट. पहिल्या सुनावणीत फक्त जहाजावरचे कागद आणि जबान्या. बाहेरचा पुरावा नाही. त्यावर उलगडा झाला नाही तर ‘जादा पुरावा’ मागवायचा: मालकाचं प्रतिज्ञापत्र, मूळ हिशेब, आधीचा पत्रव्यवहार. ही सवलत होती, हक्क नव्हे, आणि लबाडी करताना सापडलेल्याला ती मिळत नसे.

निकाल एका शब्दात शोधू नका, कारण जहाज आणि माल वेगळे सुटू शकतात. माल शत्रूचा, जहाज तटस्थाचं: माल गेला, पण जहाजाला भाडं मिळालं, तेही त्याच मालाच्या पैशांतून. प्रतिबंधित माल, म्हणजे शस्त्रं, दारूगोळा, जहाजबांधणीचं सामान: माल गेला, भाडं बुडालं, आणि मालक एकच असेल तर जहाजही गेलं. नाकेबंदी मोडली तर साधारणपणे दोन्ही गेले. तपासणीला सशस्त्र विरोध केला तरी तेच. ‘मारिया’ (१७९९) मध्ये युद्धनौकेच्या संरक्षणाखाली चाललेलं स्वीडिश जहाज यावरच जप्त झालं.

परतीच्या हुकमातही तीन पोटप्रकार आहेत आणि ते वाचणाऱ्याला फार काही सांगून जातात. नुसती परत. परत, पण पकडणाऱ्याचा खर्च दावेदाराने द्यायचा: म्हणजे कागद इतके संशयास्पद होते की थांबवणं योग्य होतं. परत, वर खर्च आणि नुकसानभरपाई पकडणाऱ्यावर: म्हणजे थांबवायला कारणच नव्हतं.

न्यायाधीश सरकारी हुकमाचा बांधील की राष्ट्रांमधल्या कायद्याचा, हा प्रश्न मुंबईतही उठला. १८०७ च्या ‘मिनर्व्हा’ या अमेरिकी जहाजाच्या खटल्यात मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, सर जेम्स मॅकिंटॉश यांनी म्हटलं की राजाच्या सूचना राष्ट्रांच्या कायद्याविरुद्ध असतील, तर न्यायाधीशाने कायदा पाळावा. पुढे १९१६ मध्ये न्यूयॉर्कहून स्टॉकहोमला ४०० टन तांबं नेणाऱ्या ‘झामोरा’ जहाजाच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने हीच रेघ ओढली: सरकारचा हुकूम प्राइझ कोर्टाचा कायदा बदलू शकत नाही.

अपील करायचं तर चौदा दिवसांत कळवायचं आणि जामीन द्यायचा. अपील लॉर्ड्स कमिशनर्स या प्राइझ अपिलांच्या मंडळाकडे जाई, १८३३ नंतर प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीकडे.

पैसे कुठे जायचे

जप्तीचा हुकूम झाला की विक्री, मग खर्च वजा, मग वाटप. नौदलात १८०८ पर्यंत आठ भाग धरत. तीन कप्तानाला, त्यातला एक वरिष्ठ ॲडमिरलला. एक लेफ्टनंट, मास्टर, मरीन कॅप्टन यांत. एक मुख्य वॉरंट अधिकारी वगैरेंत. एक मिडशिपमन आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांत. उरलेले दोन बाकी सगळ्यांत. समजा निव्वळ ८,००० पौंड उरले आणि शेवटच्या गटात २०० माणसं असली: ॲडमिरलच्या हाताखालच्या कप्तानाला २,०००, ॲडमिरलला १,०००, आणि खलाशाला १०. पकडीच्या वेळी दृष्टीच्या टप्प्यात दुसरं नौदलाचं जहाज असेल तर तेही हिस्सेदार, म्हणून लॉगबुकांतली ‘अमुक दिशेला एक शीड दिसलं’ ही नोंद पैशांची नोंद आहे. शत्रूच्या युद्धनौकेवरच्या माणसांमागे डोई ५ पौंड वेगळे मिळत. १७६२ च्या स्पॅनिश ‘हर्मियोनी’सारखं घबाड, जिथे साध्या खलाशालाही सुमारे ४८५ पौंड मिळाले, हे अपवादात्मक.

खर्चाचा तक्ता जरूर वाचा. छोटं प्राइझ फीमध्येच संपून जायचं. माल्टाच्या व्हाइस-ॲडमिरल्टी कोर्टात (लंडनबाहेरच्या ॲडमिरल्टी कोर्टात) तर एकच माणूस मार्शलही होता आणि प्रॉक्टरही, आणि एका पदावरून दुसऱ्या पदाकडे गेल्याची फी लावत होता, अशी तक्रार नौदलाचे कप्तान लॉर्ड कॉक्रेन यांनी केली. १८११ मध्ये ते स्वतः तिथे गेले आणि जाहीर लावलेला असायला हवा तो फीचा तक्ता आतल्या खोलीतून उचलून आणला. अटकही झाली.

तारखांचे सापळे

इंग्रजी नौदलाचा दिवस १८०५ पर्यंत लॉगबुकात दुपारी बाराला सुरू व्हायचा. म्हणजे ५ तारखेच्या लॉगमधली दुपारी तीनची नोंद जमिनीवरच्या ४ तारखेची. जबानी आणि लॉग यांत एका दिवसाचा फरक दिसला तर कोणी खोटं बोललं असं लगेच धरू नका. फ्रेंच कागदांवर १८०५ अखेरपर्यंत क्रांतीचं पंचांग असतं: ‘वर्ष ८, ब्रुमेअर’ असं. रशियन कागद जुन्या पंचांगाने, १८०० पर्यंत ११ आणि नंतर १२ दिवस मागे. तिन्ही पंचांगांचे कागद एकाच थैलीत असू शकतात, म्हणून वाचायला बसण्याआधी सगळ्या तारखा एका वहीत आपल्या चालू पंचांगात उतरवून घ्या, शेजारी मूळ तारीख तशीच ठेवून.

खटल्याचे मूळ कागद नॅशनल आर्काइव्ह्जच्या एचसीए (हाय कोर्ट ऑफ ॲडमिरल्टी) ३२ या मालिकेत जहाजाच्या नावाने शोधायचे. कप्तानाचं नाव हाताशी ठेवा, कारण ‘होप’, ‘कॉन्कॉर्डिया’ अशा नावांची जहाजं ढिगाने आहेत. अपिलाचे कागद एचसीए ४२ मध्ये, छापील अपील प्रकरणं एचसीए ४५ मध्ये. जहाजाच्या नावाचं स्पेलिंग पकडणाऱ्याने कानाने ऐकून लिहिलेलं असतं. डच ‘युफ्राव’ कुठे ‘जफ्रो’ होते तर कुठे ‘यंग फ्रो’. दोनतीन रूपांनी शोधल्याशिवाय फाईल नाही असं ठरवू नका.